तेल वर येईपर्यंत

मामा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळ बोलले, त्यातलं निम्मं भांडणच होतं, पण कागद घेऊन बसायची वेळ आज आली. दुपार आहे. शेडमध्ये एक स्कूटर सोडली तर काम नाही, आणि समोरचा रस्ता उन्हानं असा ओस पडलाय की कुत्रंसुद्धा पायरीखाली शिरून झोपलंय. काल ती जीप सुरू झाली. कोणती, ते तुम्हाला सांगायला नको. जिच्यानंतर तुम्ही पुन्हा कधी इंजिन बांधायला बसला नाहीत, तीच. त्या जीपबद्दल मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही होता तेव्हाच सांगायला पाहिजे होती. त्या दिवसानंतर तुम्ही सात वर्षं समोर होता, रोज दोन वेळा माझ्या हातची भाकरी खात होता, आणि माझ्या तोंडाला कुलूप. आता तुम्ही नाही तर सगळं सांगायला बसलेय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण आधी दुसरं सांगते, कारण नुसतं रडगाणं लिहायला मला जमत नाही. लग्न होऊन, तुमची सून म्हणून, मी नगरहून पारनेरला आले, त्या पहिल्या हिवाळ्यातली सकाळ. स्वयंपाकघरात आले तर गॅसवर दुधाचं पातेलं, आच अगदी मंद, आणि आत काहीतरी सोनेरी, घट्ट. मला वाटलं कुणीतरी काकवी पाठवली असेल, आत्याबाई गरम करतायत. मी बोट बुडवलं आणि चाटलं. त्यानंतर मोरीत जाऊन मी जे काय केलं ते तुम्ही दारात उभं राहून बघत होता. "अगं, ते इंजिनचं त्याल हाय, थंडीनं घट झालं म्हून ऊन कराया ठिवलंय," तुम्ही म्हणालात, "खायाचं न्हाई ते." आणि हसू दाबायला मिशीवरून हात फिरवलात. मला असा राग आला की घरात येऊन तीनच महिने झालेत हेही विसरले. म्हणाले, "मामा, हे दुधाचं पातेलं आहे. इथं माणसं जेवतात." आत्याबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. या घरात तुम्हाला उलट बोललेलं त्यांनी तोवर ऐकलं नव्हतं. तुम्ही पातेलं उचललंत, शांतपणे शेडकडे निघालात, आणि जाता जाता म्हणालात, "इंजिन बी जेवतंच की, सूनबाई." संध्याकाळी बाजारातून नवं पातेलं आणून तुम्ही माझ्यासमोर ठेवलंत, जुन्याच्या कडेला पान्यानं एक खूण ओरबाडलीत आणि ते कायमचं शेडमध्ये गेलं.

मी शेडमध्ये कशी आले ते मलासुद्धा नीट सांगता येणार नाही. हे तेव्हा नागापूरच्या कंपनीत लागलेले, पहाटे मोटारसायकल काढायची आणि अंधार पडायच्या सुमारास परत, कधी कधी डबल पाळी. तुमचा गुडघा दुखायचा. गाडीखाली गेलात की बाहेर यायला अर्धा तास, मग "सूनबाई, तेवढा बारा-तेराचा पाना दे गं" अशी हाक. मी चहा द्यायला यायची आणि पाना देऊन जायची. पुढं पाना द्यायला यायची आणि चहा निवून जायचा. कोणत्या बोल्टाला कोणता पाना ते तुम्ही मागायच्या आधी मला कळायला लागलं, तेव्हा तुम्ही एकदा गाडीखालूनच म्हणालात, "माझ्या पोराला पंधरा वर्सं सांगून ज्ये कळलं न्हाई, त्ये हिला चहा देताना कळलं." यांनी ते ऐकलं होतं. आठवडाभर फुगून बसले होते.

आणि तो शर्ट. शेतात बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात तसा मी यांचा एक फाटका शर्ट घालून शेडमध्ये यायची. एक दिवस तुम्ही धाडलेला शिंपी घरी आला आणि माझं माप घ्यायचंय म्हणाला. खाकी कापड, पूर्ण बाह्या, तीन खिसे. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात कधी बाईला खाकी शर्ट शिवला नव्हता. त्यानं तुम्हाला विचारलं, "पोलिसात लावली काय सुनेला?" तुम्ही म्हणालात, "न्हाई, पोलिसाच्या गाड्या नीट कराया लावली." गावात ते वाक्य महिनाभर फिरत होतं. खरं तर पोलिसांची एकही गाडी आपल्याकडं कधी आली नाही.

तुमच्याकडून मी सगळ्यात आधी काय शिकले असेन तर ते इंजिनला पाजणं. दुसरे मिस्त्री इंजिन बांधलं, तेल ओतलं, की सेल्फ मारतात. तुम्ही तसलं पाप करत नव्हता. नव्यानं बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं, तेल नुसतं खाली साठलेलं, अजून कुठं पोचलेलं नाही, आणि तशात ते जोरात फिरलं तर लोखंड लोखंडाला खातं. म्हणून आधी सगळे प्लग काढायचे, म्हणजे फिरवायला हलकं जातं. वरचं टॅपेटचं झाकण उघडं ठेवायचं. मग पुढून हँडल घालून हातानं सावकाश फिरवत राहायचं, साठ वेळा, सत्तर वेळा, जोवर पंप तेल खेचून पार डोक्यापर्यंत नेत नाही आणि झाकणाखालच्या रॉकरच्या दांड्यांवरून ते ठिपकायला लागत नाही. मगच प्लग लावायचे, मगच चावी. "तान्ह्या लेकराला आधी पाजत्यात, मंग खेळवत्यात," तुम्ही म्हणायचात. आणि तुमचा नियम असा की ज्याची गाडी त्यानंच हँडल फिरवायचं. कितीही मोठा बागायतदार असो, पांढरा झब्बा घालून आलेला असो, तुम्ही त्याच्या हातात हँडल द्यायचात. एकदा मी विचारलं की हे कशाला, तर म्हणालात, "ज्यानं हातानं पाजलं, तो पुन्ना बिगरतेलाची गाडी पळवत न्हाई."

त्या वेळी वर वाकून तेल बघायचं काम माझं. बॅटरी हातात धरून, तिचा उजेड आत पाडून. पहिल्यांदा मी पंधरा-वीस फेऱ्यांतच ओरडले होते, मामा आलं, आलं. तुम्ही येऊन बघितलंत आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "चकाकी बघू नको गं. चकाकी काय, बांधताना म्या बोटानं लावलंय त्ये त्याल बी चकाकतंय. थेंब बघ. थेंब पडला का आलं." त्यानंतर मी थेंब बघायला शिकले. निदान त्या जीपचा दिवस येईपर्यंत तरी.

तो दिवस मी आता लिहिते. आपली शाळा लांबून दिसते त्या वळणावर जीपवाल्यांचं घर, डाळिंबाची बाग, आणि ती जुनी पेट्रोल जीप त्यांच्या वडिलांच्या वेळची. इंजिन तुम्ही बांधलं होतं, पंचवीस दिवस लावून, सांध्यांत बसणारी एक एक पॅकिंग स्वतः कात्रीनं कापून. जीपवाल्यांनी भटजींकडून मुहूर्त काढून आणला होता आणि चिठ्ठीवर वेळ लिहिली होती, अकरा वाजून दहा मिनिटांच्या आत. बायकामुलं, व्याही, नारळ, लिंबं, पेढ्यांचा पुडा, सगळी वरात शेडमध्ये. आपल्याकडची माणसं लग्नाचा मुहूर्त बँडवाल्यांपायी तासभर टाळतील, पण गाडीचा टाळणार नाहीत. तुम्ही पूजेसाठी हात धुवायला गेलात आणि जाताना मला म्हणालात, बघ, आलं की सांग. जीपवाले हँडल फिरवत होते. वीस, तीस, चाळीस. ते घामाघूम. "किती फिरवू वो मिस्त्री? खांदा निखळाया आला." त्यांच्या घरातल्या दोन बायका माझ्याकडं बघत एकमेकींच्या कानात काहीतरी बोलत होत्या. मी बॉनेटवर वाकलेली, शर्ट वर सरकलेला, केसाला तेलाचा हात लागलेला. स्वयंपाकघरातून आत्याबाईंची तिसरी हाक आली, पोहे भिजवून ठेवलेत, दहा माणसं आहेत, तू आहेस कुठं. मला तिथून निघायचं होतं, मामा. एवढंच. दुसरं काही कारण नाही, शोधून सापडत नाही. मी आत बघितलं. रॉकर चकाकत होते. थेंब नव्हता. तुम्ही अंगणातून विचारलंत, "सूनबाई, आलं का?" आणि मी म्हणाले, "आलं."

तुम्ही येऊन पुन्हा बघितलं नाहीत. का बघाल? माझ्या शब्दावर तुम्ही झाकण लावलंत, प्लग लावलेत, आणि जीपवाल्यांनी अकरा वाजून सात मिनिटांनी चावी फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात लागली. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मी पोहे परतत असताना खिडकीतून ऐकलं. त्या जीपचा तेलाचा मीटर कधीचा बंद पडलेला, नाहीतर तुम्हाला लगेच कळलं असतं. दोन मिनिटंही झाली नसतील. आधी आतून कुणीतरी हातोडीनं ठोकल्यासारखा आवाज, मग एक कर्कश ओरखडा, आणि मग सगळं गप्प. इंजिन जाम झालं होतं. मी झारा हातात घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते उघडलंत. पंपाची पॅकिंग एका कोपऱ्याला चिरली होती. पंप तेल खेचतच नव्हता, वारा खेचत होता. केसाएवढी चीर. तुम्ही ती पॅकिंग उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसलात आणि मग मला एकदाच विचारलंत, "सूनबाई, थेंब बघितलाता ना गं?" तेव्हा तरी मी सांगायचं. मी म्हणाले, "हो मामा." तुम्ही मान हलवलीत. "मंजी त्याल आल्तं. मंग मागनं फाटली ही. मंजी म्याच नीट कापली न्हाई. नजर गेली आता माझी." अहो, साठ फेऱ्या झाल्या असत्या तरी त्या पॅकिंगनं तेल आलं नसतं! हँडल फिरवायचं ते याचसाठी की असलं काही असेल तर आधीच कळावं. तुमच्या नियमानं तुम्हाला वाचवलंच असतं, मधे मी नसते तर. पण तुम्ही माझा शब्द खरा धरलात आणि स्वतःची नजर खोटी. जीपवाल्यांच्या घरी जाऊन हात जोडून आलात. त्यांनी जीप ओढत नगरला नेली आणि दुसऱ्याकडून इंजिन करून घेतलं. त्या दिवसापासून तुम्ही इंजिनाला हात लावला नाहीत. पंक्चर, ब्रेक, प्लग साफ करणं. कुणी इंजिन घेऊन आलं की म्हणायचात, "आता माझ्याकडनं व्हनार न्हाई बाबा." मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन जायला लावलंत, आणि डॉक्टर म्हणाले, या वयाला नजर चांगली आहे. ते ऐकूनही तुम्ही गप्प होता. मीही.

का सांगितलं नाही, हे मला स्वतःलाच पुष्कळदा विचारावं लागलंय. पहिल्या दिवशी भीती होती, तुमची नाही, जीपवाल्यांची, गावाची, बाईला शेडमध्ये घेतलं म्हणूनच असं झालं असं म्हणणाऱ्यांची. आठवड्यानं भीती गेली तेव्हा लाज आली. वर्षानं वाटलं, आता कशाला जखमेवरची खपली काढा. आणि तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुमच्या उशाशी बसून एकदा मी सुरुवात केली होती. म्हणाले, मामा, त्या जीपचं... तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "जाऊ दे. त्येचं नाव काढू नको." मी नाव काढलं नाही. मला तेवढंच निमित्त पुरलं. स्वतःची सोय बघण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तुमच्यानंतर शेड मी चालू ठेवली. मोटारसायकली, स्कूटर, कधी टेम्पोचे ब्रेक. बायका आता स्कूटर घेऊन माझ्याकडंच येतात, पुरुष मिस्त्रीपाशी ताटकळायला नको म्हणून. यांची कंपनी सुटली, हे घरी बसले आणि एका महिन्यात शेडवर डोळा. रस्त्यावरची जागा आहे, मोबाईलवाल्याला भाड्यानं देऊ, तू आता आराम कर. मला आराम कर म्हणणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो. बरंच भांडण झालं. शेवटी हे म्हणाले, "तू नुसत्या चेन घट्ट करतेस. माझ्या बापासारखं एक इंजिन बांधून दाखव. चाललं तर शटर तुझं. जाम झालं तर शटरची चावी माझ्याकडं." मी हो म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले, आणि मग दोन महिने कुणी इंजिन घेऊन येईना.

आणि आलं तर कोण? तेच जीपवाले. आता म्हातारे झालेत, काठी आली आहे, पण जीप विकली नाही. धूर ओकत होती. नगरला आता जुन्या इंजिनाला कुणी हात लावत नाही, सगळे कॉम्प्युटर लावून गाडी बघतात. "तुझ्या सासऱ्याचं समदं तुला ठाव हाय म्हनत्यात," असं म्हणाले आणि चावी पुढं केली. मला नाही म्हणता आलं असतं. पण हे मागं उभे होते, हाताची घडी घालून, आणि यांच्या चेहऱ्यावर ते हसू. मी चावी घेतली.

दीड महिना लागला. ब्लॉक नागापूरला नेऊन बोअर करून आणला, यांच्याच मोटारसायकलीवर मागं बसून मी चार खेपा केल्या, आणि हे कुरकुरत का होईना पण येत गेले. पॅकिंग मी स्वतः कापल्या आणि प्रत्येक उजेडात धरून बघितली. पंप बसवायच्या आधी तेलानं भरला. रात्री झोपेतसुद्धा बोल्ट मोजत होते असं हे सांगतात. काल सकाळी जीपवाले आले. मुहूर्त आणलाच होता, या वेळी मोबाईलवर बघून, दहा चाळीस. नारळ, लिंबं, सगळं तेच, माणसं तेवढी कमी. तुमचा नियम त्यांच्या लक्षात होता. पाच फेऱ्या त्यांनी स्वतः फिरवल्या, काठी बाजूला ठेवून, आणि मग हँडल यांच्या हातात दिलं. मी बॅटरी घेऊन वर वाकले.

चाळीस झाल्या. साठ झाल्या. ऐंशी झाल्या, हे धापा टाकायला लागले. रॉकर चकाकत होते. थेंब नाही. हे माझ्याशेजारी येऊन वाकून बघतात आणि हळूच म्हणतात, "चकाकतंय की सगळं. आलंय. मार सेल्फ." जीपवाले मोबाईल बघतात. "मुहूर्त टळंल बाई. पाच मिंटं ऱ्हायली." मामा, मी ती बॅटरी धरून उभी आहे. थेंब नाही याचा अर्थ मी कुठंतरी चुकलेय, आणि चुकलेय म्हणजे शटरची चावी यांच्याकडं. आलं म्हटलं तर काय, सुरू होईलही, कुणी सांगावं. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. मी म्हणाले, "नाही आलं." माझाच आवाज मला मोठा वाटला. "तेल वर आल्याशिवाय चावी फिरणार नाही. मुहूर्त गेला तर जाऊ दे. उघडावं लागेल." जीपवाल्यांनी कपाळाला हात लावला. हे जीपखाली सतरंजी टाकायला लागले. हे चांगलं केलं त्यांनी, तेवढं मी लिहून ठेवते.

दोन तास लागले. खालचं तेलाचं भांडं उतरवलं, पंप काढला, आणि पंपाच्या पुढं जे तेल जायचं भोक असतं तिथं मी बोट घातलं तर मऊ लागलं. कापड. चिमट्यानं ओढलं तर माझ्या जुन्या हिरव्या साडीची चिंधी बाहेर आली, पीळ देऊन घट्ट बसवलेली. ब्लॉक नागापूरहून आला तेव्हा आत धूळ जाऊ नये म्हणून मी सगळ्या भोकांत साडी फाडून बोळे घातले होते, तुमचीच पद्धत. बांधताना सगळे काढले. एक राहिला. तुम्ही बोळे घालताना मोजायचात आणि भिंतीवर खडूनं आकडा लिहायचात. मी म्हणाले, मला कशाला खडू लागतो. बसा आता. मी ती चिंधी हातात धरून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी चूक. हे मी आत विसरले होते. चावी फिरवली असती तर इंजिन गेलं असतं." यांना वाटलं मी रडेन. मी रडले नाही. मला उलट हलकं वाटत होतं.

पुन्हा सगळं बसवलं. या खेपेला हँडल मी स्वतः फिरवलं आणि बॅटरी यांच्या हातात दिली. बावन्नाव्या फेरीला हे ओरडले, "पडला! थेंब पडला!" मी जाऊन बघितलं. एका रॉकरवरून पडला, मग दुसऱ्यावरून, मग सगळ्या रांगेवरून सोनेरी तेल सावकाश ओघळायला लागलं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग प्लग लावले, जीपवाल्यांनी चावी फिरवली, आणि ती लागली. दहा मिनिटं चालली, वीस मिनिटं चालली, कुठं आवाज नाही. माझा जीव भांड्यात पडला. यांनी आपल्याजवळची शटरची दुसरी चावी खिशातून काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. मी चहा केला.

चहा घेताना जीपवाले खुशीत होते. म्हणाले, "बाई, तू थांबलीस म्हनून वाचलं. तुझ्या सासऱ्यानं घाई केल्ती त्या टायमाला. आनि नजर बी गेल्ती म्हाताऱ्याची. सासऱ्यानं घालवलं ते सुनेनं कमावलं बघ." घाई! चिठ्ठी घेऊन घाई करणारे कोण होते ते त्यांना आठवत नाही. पण ते वाईट मनानं बोलत नव्हते, आणि हेही हसले, आणि सोबत आलेला त्यांचा पुतण्याही मान डोलवत होता. मी तोंड उघडलं होतं. दोन तासांपूर्वी ज्या तोंडानं माझी चूक म्हणाले तेच तोंड. पण ती चूक चिमट्यानं ओढून काढता आली होती. हिला चिमटा नाही. मी विचारलं, "अजून चहा घेणार का?" आणि त्यांनी कप पुढं केला.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या फोटोमागं ठेवावं तर हे दसऱ्याला फोटो पुसायला काढतात. पान्यांच्या खणात खाली कागद अंथरलाय, त्याच्याखाली ठेवीन, तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. पाचशे किलोमीटर झाले की जीपवाले पहिलं तेल बदलायला येतील. तेव्हा त्यांना सांगीन म्हणते, यांच्यासमोर सांगीन, की म्हाताऱ्याची नजर चांगली होती आणि थेंब मी बघितला नव्हता. सांगीन म्हणते आहे, शपथ घालत नाही, माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला आता कळली आहे. आणि एक राहिलं. काल त्यांनी ते म्हटल्यावर मी गप्प बसले, ती नुसती लाज नव्हती, मामा. ऐकायला बरं वाटलं. तुमच्यापेक्षा माझा हात चांगला असं चार माणसांत कुणीतरी म्हणालं, आणि ते खोटं आहे हे त्या शेडमध्ये मला एकटीला माहीत असूनसुद्धा, त्यांनी ते आणखी एकदा म्हणावं असं मला वाटलं.